शंभरपर्यंत म्हणते, पण सहा चमचे आणत नाही

पत्र : माझी मुलगी पावणेचार वर्षांची आहे. गेले काही महिने तिला आकड्यांचं अक्षरशः वेड लागलंय. पायऱ्या, खिडक्या, शर्टाची बटणं, जे दिसेल ते मोजते. घड्याळ, लिफ्ट, गाड्यांच्या नंबरप्लेट, कुठेही आकडा दिसला की थांबून वाचते. शंभरपर्यंत न अडखळता म्हणते. जिना चढताना मध्येच कुणी बोललं तर रडारड होते आणि खाली जाऊन पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरुवात. रात्री अंथरुणात पडल्यावर एकच प्रश्न असतो, ‘सगळ्यात मोठा आकडा कोणता?’ पाहुणे आले की तिचे बाबा तिला उभं करून म्हणून दाखवायला लावतात. सासूबाईंचं म्हणणं, एवढी हुशार आहे तर आत्तापासूनच गणिताचा क्लास लावा. पण परवा मी तिला ‘सहा चमचे आण’ म्हटलं, तर ती मूठभर चमचे घेऊन आली. मोजलेसुद्धा नाहीत! मग ही नुसती पोपटपंची आहे का? त्यात एका मैत्रिणीने सांगितलं की असं आकड्यांमागे लागणं हे ऑटिझमचं लक्षण असू शकतं. तेव्हापासून मला झोप नाही. शिवाय ती आकडे लिहायला लागली आहे, पण काही उलटे काढते. मी काय करू?

नमस्कार,

तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचे वाटले ते चमचे. तुम्हाला त्यांचा धक्का बसला, पण मला त्यांनीच सांगितलं की तुमची लेक नेमकी कुठे पोहोचली आहे. आणि ती अगदी तिच्या वयाला साजेशा जागी आहे. पोपटपंची म्हणून तिचा आनंद मोडीत काढू नका आणि शंभरपर्यंत येतं म्हणून क्लासही लावू नका. दोन्हींचं कारण एकच आहे, म्हणून आधी तेच नीट सांगते.

शंभरपर्यंत म्हणता येणं आणि सहा म्हणजे किती ते कळणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. मुलांना त्या एकदम येत नाहीत. आधी येते ती शब्दांची रांग. एक, दोन, तीन, चार ही त्यांच्यासाठी गाण्याच्या ओळीसारखी असते. चाल असते, ठेका असतो, आणि पुढचा शब्द मागच्याला धरून येतो. त्या ओळीचा जगातल्या वस्तूंशी संबंध आहे हे मग हळूहळू उमगत जातं. रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजण्यामागचे नियम उलगडून मांडले होते. त्यातले तीन आपल्या कामाचे आहेत. एका वस्तूला एकच शब्द द्यायचा, वस्तू सोडायची नाही की दोनदा धरायची नाही. शब्दांचा क्रम दर वेळी तोच ठेवायचा. आणि शेवटचा जो शब्द आला, तो फक्त शेवटच्या वस्तूचं नाव नसतो, तो सगळ्या वस्तू मिळून किती ते सांगतो. मोठ्या माणसांना हा तिसरा नियम इतका अंगवळणी पडलेला असतो की तो शिकावा लागतो हेच आपण विसरतो. मुलांची गाडी नेमकी तिथेच रेंगाळते.

मी बालवाडीत शिकवते, तिथे हे रोज दिसतं. मागच्या वर्षीच्या एका मुलाचं सांगते. टेबलावर पाच बटणं ओळीत मांडली होती. त्याने एकेका बटणावर बोट ठेवत मोजलं, एक, दोन, तीन, चार, पाच. एकही चूक नाही. मी विचारलं, ‘मग किती बटणं आहेत?’ त्याने पुन्हा पहिल्या बटणावर बोट ठेवलं आणि पाचपर्यंत मोजलं. मी म्हटलं, ‘हो, पण सगळी मिळून किती?’ त्याने माझ्याकडे पाहिलं, बटणं जरा जवळ ओढली, आणि या वेळी मोठ्याने, मला ऐकू येत नसावं अशा बेताने, परत पाचपर्यंत मोजलं. ‘किती’ हा प्रश्न त्याच्या लेखी ‘मोजून दाखव’ एवढाच होता. मोजण्याच्या शेवटी उत्तर हाती येतं, हे त्याला अजून दिसलं नव्हतं. काही महिन्यांनी तोच मुलगा तशीच बटणं मोजून मान वर करून ‘पाच!’ म्हणाला.

तुम्ही चमच्यांची जी परीक्षा नकळत घेतलीत, ती संशोधक मुद्दाम घेतात. कॅरेन विन यांनी १९९०च्या सुमारास लहान मुलांना असंच सांगून पाहिलं, ‘या ढिगातून अमुक इतक्या वस्तू दे.’ तेव्हा एक ठरावीक चढण दिसली. मूल आधी फक्त ‘एक’ शिकतं. एक मागा, बरोबर एकच देईल. दोन, तीन, पाच काहीही मागा, मूठभर उचलून देईल. मग काही महिन्यांनी ‘दोन’ पक्कं होतं, त्यानंतर ‘तीन’, कधी ‘चार’. प्रत्येक टप्प्यावर त्याच्या पुढचे सगळे आकडे म्हणजे नुसतं ‘पुष्कळ’. आणि मग एके दिवशी सगळंच एकदम उघडतं. मोजण्याची रीत कशासाठी आहे ते मुलाला कळतं आणि त्यानंतर ते पाच, सहा, आठ, कितीही मागा, मोजून देतं. ‘एक’ कळण्यापासून इथवर यायला बहुतेक मुलांना वर्षभर तरी लागतं आणि साधारण साडेतीन-चारच्या आसपास ती तिथे पोहोचतात. कुणी आधी, कुणी नंतर. तुमची लेक या चढणीवर आहे. मूठभर चमचे म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. तिच्या लेखी सहा म्हणजे खूप, आणि तिने तुम्हाला खूप आणून दिले.

आता ती नेमकी कोणत्या पायरीवर आहे ते बघायचं असेल तर खेळता खेळता बघा. एखाद्या बाहुलीला किंवा अस्वलाला बटणं हवी आहेत असं सांगा. ‘अस्वलाला एक दे.’ मग दोन. मग तीन. जिथे मूठ भरायला लागेल तिथे तिचा ‘पुष्कळ’ सुरू झाला असं समजा. तिथे ‘चूक’ म्हणू नका. ‘बघू या हं, अस्वलाला किती मिळाली,’ म्हणत दोघी मिळून मोजा आणि शेवटी पूर्ण आकडा जोर देऊन म्हणा : ‘एक, दोन, तीन, चार, पाच. पाच बटणं झाली. अस्वलाला चार हवी होती, एक परत ठेवू या का?’ मोजणं आणि लगेच त्या पूर्ण ढिगाचं नाव, ही जोडी तिच्या कानावर वारंवार पडली पाहिजे. सगळा फायदा या जोडीत आहे.

एक काळजी घ्या. तिने उत्तर दिल्यावर ‘नक्की?’ असं विचारू नका आणि तोच प्रश्न दोनदा विचारू नका. मुलं फार हुशारीने आपल्याला वाचतात. मोठं माणूस पुन्हा विचारतंय म्हणजे पहिलं उत्तर चुकलं असणार, असा हिशेब करून ती बरोबर आलेलं उत्तरही बदलतात. मानसशास्त्रज्ञ ज्यां पियाजे यांचा प्रसिद्ध प्रयोग तुम्ही ऐकला असेल. सारख्या संख्येच्या दोन ओळी समोर मांडायच्या, मुलाकडून ‘सारख्या आहेत’ म्हणून घ्यायचं, मग एक ओळ पसरून लांब करायची आणि पुन्हा विचारायचं. बरीच लहान मुलं म्हणतात, लांब ओळीत जास्त आहेत. पण १९७४ मध्ये जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी ती ओळ स्वतः न हलवता एका खोडकर टेडीकडून विस्कटवली, जणू चुकून झालं. तर कितीतरी जास्त मुलांनी ‘सारख्याच आहेत’ असं बरोबर सांगितलं. ज्ञान मुलात असतं, पण आपण ज्या पद्धतीने विचारतो त्याने ते झाकलं जातं. म्हणून सांगते, घरात परीक्षक होऊ नका.

आणि शंभराचा नाद थोडा बाजूला ठेवून दहाच्या आत रमा. हे ऐकायला उलटं वाटेल. पण शिकागोमधल्या सुझन लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आईवडील लहान मुलांशी घरात कसं बोलतात ते महिनोन्‌महिने टिपून ठेवलं. मुलं तेव्हा १४ ते ३० महिन्यांची होती. ज्या घरांत समोर दिसणाऱ्या वस्तूंबद्दल आकड्यांतून बोलणं जास्त होतं, आणि त्यातही चार ते दहापर्यंतच्या आकड्यांबद्दल, त्या घरांतल्या मुलांना पुढे संख्येचा अर्थ चांगला कळलेला होता. एक, दोन, तीन तर मूल न मोजता नजरेनेच ओळखतं. फाशावरचे तीन ठिपके कुणी मोजत बसत नाही. खरं मोजण्याची गरज पडते ती चारच्या पुढे. तेव्हा मोजे घड्या करताना, ठोकळे डब्यात भरताना, पुस्तकं फळीवर लावताना, ‘इथे पाच आहेत, अजून एक ठेवलं तर?’ एवढं बोलणं पुरे. त्यासाठी वेळ काढावा लागत नाही, सामान लागत नाही.

आता जिना. मला तिच्या रडण्याचं फार वाईट वाटलं, कारण मोठ्यांना तो हट्ट वाटतो आणि तो हट्ट नसतो. कॅरेन फ्युसन यांनी मुलांच्या मोजण्याचा बारकाईने अभ्यास केला. त्यांनी दाखवलं की सुरुवातीला मुलाच्या डोक्यातली ही रांग मधून तोडता येत नाही. ती एकपासूनच सुरू होते. सातपासून पुढे म्हण म्हटलं तर मूल गोंधळतं किंवा गुपचूप एकपासून सातपर्यंत येतं. मधूनच सुरुवात करता येणं हा पुढचा टप्पा आहे, आणि उलट म्हणता येणं त्याच्याही पुढचा. तुमच्या लेकीला अकराव्या पायरीवर कुणी हाक मारली की तिची रांग तुटते. अकरापासून उचलायचं कसं ते तिच्याजवळ नाही. तिच्यासाठी खरोखर एकच वाट उरते, ती म्हणजे पहिली पायरी. तिने आरंभलेलं काम मोडलं गेलंय आणि ते नीट करायला ती परत जाते. मला तर त्या निष्ठेचं कौतुक वाटतं.

यावर उपाय सोपा आहे. शक्यतो मध्ये बोलू नका. तिचं मोजणं हे काम आहे असं घरातल्यांना सांगा. आणि बोलावंच लागलं तर आकडा तुम्ही धरून ठेवा. तिच्या शेजारी उभ्या राहा, ‘आपण अकरावर आहोत, अकरा,’ असं म्हणा, त्या पायरीवरच थांबा, बोलणं झालं की ‘अकरा...’ म्हणून तिच्याकडे बघा. बहुतेक वेळा ‘बारा’ तिच्या तोंडून येईल. सुरुवातीला नाही आला तर जाऊ द्या तिला खाली. असं चारदोन आठवडे केलंत की रांग मधून जोडायची सवय होईल. बेरजेचा पाया हाच आहे. चारात तीन मिळवताना ‘पाच, सहा, सात’ असं पुढे मोजायचं असतं, एकपासून नाही.

तिच्या शंभरपर्यंतच्या म्हणण्याबद्दलही दोन शब्द. त्याला पोपटपंची म्हणून हलकं करू नका, कारण मराठीत शंभरपर्यंत जाणं सोपं नाही. चिनी भाषेत अकरा म्हणजे ‘दहा-एक’, एकवीस म्हणजे ‘दोन-दहा-एक’. दहा कळले की पुढचं मुलाला स्वतः जुळवता येतं. चिनी आणि इंग्रजी बोलणाऱ्या मुलांची तुलना झाली तेव्हा दहापर्यंत दोघं बरोबरीने होती आणि फरक पडला तो दहाच्या पुढे. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक आकड्याला वेगळं नाव. त्यात तेवीसमध्ये तीन आधी येतात आणि वीस नंतर, पण लिहिताना २ आधी आणि ३ नंतर. एकोणतीस म्हणताना तोंडात तीस असतो आणि कागदावर २ आणि ९. एकोणनव्वदपर्यंत नवाच्या प्रत्येक घराला ही रीत आणि नव्व्याण्णवला मात्र ती सोडून दिलेली. तेव्हा पुढे कधी तिने तेवीस ऐकून ३२ लिहिलं तर घाबरू नका. जर्मन मुलंही हेच करतात, कारण त्यांच्याही भाषेत एकक आधी बोलतात. ‘तेवीस, म्हणजे वीस आणि तीन,’ असं शेजारी म्हणत राहा. दहा-दहाच्या जुड्या करून, वर सुटे ठेवून दाखवलंत तर अजून चांगलं.

क्लासबद्दल माझं मत स्पष्ट आहे : नको. पावणेचार वर्षांच्या मुलीला ठरल्या वेळी, ठरल्या वहीत, ठरल्या वेगाने आकडे करायला लावणं म्हणजे जे ती आपणहून दिवसभर करते आहे, ते काम बनवून तिच्या हाती परत देणं. सासूबाईंना हे सांगताना त्यांच्या हौसेला नकार देऊ नका. त्यांना खेळात घ्या. आजीला नातीबरोबर खेळायला एक फार उत्तम खेळ सांगते, आणि तो फुकट आहे.

एका लांब पट्टीवर ओळीने दहा चौकोन काढा, त्यांत १ ते १० आकडे लिहा. दोन सोंगट्या घ्या. फाशाऐवजी दोन चिठ्ठ्या, एकीवर १, दुसरीवर २. न बघता चिठ्ठी उचलायची आणि तितकी घरं पुढे जायचं. नियम एकच, पण तो पाळायचाच : सोंगटी पाचवर असेल आणि दोन आले, तर ‘एक, दोन’ म्हणत सरकायचं नाही, ‘सहा, सात’ म्हणायचं. रॉबर्ट सिगलर आणि गीता रमाणी यांनी २००८ मध्ये जवळपास असाच खेळ बालवाडीतल्या मुलांबरोबर खेळून पाहिला. पंधरा-वीस मिनिटांच्या चार बैठका, काही आठवड्यांत. आकड्यांचा पट खेळलेल्या मुलांना कोणता आकडा मोठा, तो ओळीवर कुठे पडेल, हे स्पष्टपणे चांगलं कळायला लागलं, आणि नऊ आठवड्यांनी पाहिलं तेव्हाही ते टिकलेलं होतं. आकड्यांऐवजी नुसत्या रंगांचा पट खेळलेल्यांना असा फायदा झाला नाही. तुम्ही म्हणाल, घरात सापशिडी आहे की. ती जरूर खेळा, पण थोडी नंतर. तिच्यात प्रत्येक ओळीला आकड्यांची दिशा फिरते, एकदा डावीकडून उजवीकडे, एकदा उजवीकडून डावीकडे, त्यामुळे या वयात ‘पुढे’ म्हणजे कुठे हेच हरवतं. सरळ पट्टीवर मोठा आकडा नेहमी लांब असतो. ते डोळ्यांना दिसतं, हाताला जाणवतं.

आता तिच्या बाबांविषयी. त्यांना अभिमान वाटतो त्यात काही वावगं नाही. पण पाहुण्यांसमोर उभं करणं थांबवायला हवं, आणि त्याचं कारण मी त्यांना त्यांच्याच भाषेत, म्हणजे आकड्यांत, देते. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी तीन ते पाच वर्षांची अशी मुलं निवडली, ज्यांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला मनापासून आवडत होतं. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर छानसं प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना काहीच सांगितलं नाही. काहींना चित्र झाल्यावर अचानक ते पत्रक दिलं. एकदोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात ही मुलं काय करतात ते पाहिलं. आधी कबूल करून बक्षीस मिळालेली मुलं आता इतरांच्या निम्म्याच्या आसपासच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं. स्वतःच्या आनंदासाठी चाललेली गोष्ट कशाच्या तरी बदल्यात व्हायला लागली, की मुलाला तिच्यातली गोडी कमी वाटू लागते. टाळ्या हेही बक्षीसच. आज ती जिने मोजते कारण तिला जिने मोजायचे असतात. ते तसंच राहू द्या.

बाबांनी त्याऐवजी तिच्याबरोबर मोजावं. आणि स्वतःलाही आकड्यांची गोडी असेल तर ती तिच्या डोळ्यांसमोर जपावी. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या, आणि वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. समजा ३५२४ घेतली : ५४३२ वजा २३४५, उरले ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. आता काहीही करा, ६१७४च येत राहील. आणि कुठूनही सुरुवात केली तरी जास्तीत जास्त सात फेऱ्यांत इथेच पोहोचाल. हे शोधणारे द. रा. कापरेकर नोकरीने शाळामास्तर होते आणि आयुष्यभर निव्वळ आवडीपोटी संख्यांशी खेळत राहिले. तुमच्या लेकीला यातलं आत्ता काही कळणार नाही. पण बाबा कागदावर आकडे मांडून हरखतात, हे तिला नक्की कळेल. घरात ‘मला बाई गणित कधी जमलंच नाही’ हे वाक्य मात्र तिच्यासमोर कुणी म्हणू नये. तुम्हीसुद्धा.

रात्रीच्या प्रश्नाला खरं उत्तर द्या. ‘झोप आता’ हे उत्तर नव्हे. तिला सांगा, आपल्या जुन्या गणितात एकावर सतरा शून्यं दिली की त्याला परार्ध म्हणत. तिला शब्द फार आवडेल. मग सांगा की एडवर्ड कॅस्नर नावाच्या गणितज्ञाने एकावर शंभर शून्यं असलेल्या संख्येला नाव हवं म्हणून आपल्या नऊ वर्षांच्या भाच्याला विचारलं, आणि त्या मुलाने सुचवलं ‘गूगोल’. ते नाव आजही चालतं. लहान मुलाने ठेवलेलं नाव मोठमोठी माणसं वापरतात, याने तुमची लेक उठून बसेल, तेव्हा हे सांगायची वेळ जरा सांभाळून निवडा. आणि मग तिलाच विचारा : ‘गूगोलमध्ये एक मिळवला तर?’ शेवटचा आकडा नसतोच, हे तुम्ही आयतं सांगू नका. बरीच मुलं सहा-सात वर्षांची होईतो स्वतःच तिथे येतात, ‘म्हणजे कायम एक मिळवता येतो!’ असं ओरडत. तो शोध तिचा तिलाच लागू द्या.

शून्याचंही तसंच. एक, दोन, तीनपेक्षा शून्य मुलांना बरंच उशिरा कळतं, कारण जे नाही ते मोजायचं कसं? रिकाम्या डब्यात ‘किती बटणं?’ हा प्रश्न गमतीने विचारत राहा, एवढंच.

आता तुमची झोप ज्याने उडाली तो मुद्दा. आकड्यांची आवड, मग ती कितीही जबर असो, एकटी कशाचंही लक्षण नाही. या वयातल्या कितीतरी मुलांना एखाद्या गोष्टीचा असाच ध्यास लागतो, कुणाला डायनोसॉर, कुणाला गाड्या, कुणाला आकडे. ऑटिझम असलेल्या काही मुलांनाही आकडे फार प्रिय असतात हे खरं, आणि त्यांच्यातही ती आवड हा दोष नसतो, उलट त्यांच्यापर्यंत पोहोचायची ती एक वाट असते. बघायचं असतं ते आवडीच्या आजूबाजूला. हाक मारली की वळते का? काही छान दिसलं की बोट दाखवून तुम्हालाही बघायला लावते का? तुमच्या चेहऱ्याकडे बघून तुमचा मूड ओळखते का? बाहुलीला झोपवणं, खोटं खोटं डॉक्टर होणं असे खेळ खेळते का? दोनचार वाक्यांचं जा-ये असलेलं बोलणं होतं का? आधी येत असलेलं बोलणं किंवा हसणं-खेळणं मागे पडलंय का? मोजण्यापायी जेवणं, झोपणं, घराबाहेर पडणं अडतंय का, आणि मोडलं तर तासन्‌तास शांत होत नाही असं होतं का? पत्रावरून मला एवढं दिसतं की ती रोज रात्री तुम्हाला प्रश्न विचारते, तुमच्या सांगण्यावर उठून चमचे आणते. हे चांगलं आहे. पण मी तिला पाहिलेलं नाही आणि पत्रावरून निदान कुणीच करू नये. वरच्यापैकी काही तुम्हाला खटकत असेल, तर वाट बघत बसू नका. बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि मुलांच्या वाढीची तपासणी करून घ्यायची आहे असं सांगा. शंका फिटली तर उत्तमच, आणि मदत लागणार असेल तर ती जितकी लवकर मिळेल तितकी बरी. मैत्रिणीच्या एका वाक्यावर मात्र रात्री जागून काढू नका.

शेवटी, उलटे आकडे. आरशात दिसतात तसे आकडे आणि अक्षरं काढणं चार-पाच वर्षांच्या मुलांत सर्रास असतं, सहा-सातपर्यंतही अधूनमधून होतं. कप इकडे तोंड करून ठेवला काय किंवा तिकडे, तो कपच असतो. आकड्याच्या बाबतीत दिशा बदलली की तो बिघडतो हा नियम मुलाला नव्याने शिकावा लागतो. खोडून पुन्हा लिहायला लावू नका. मोठ्या कागदावर, वाळूत, पाण्यात बोट बुडवून फरशीवर, तुम्ही काढा, तिला तुमच्या रेघेवरून बोट फिरवू द्या, आणि कुठून सुरुवात करायची तिथे एक ठिपका देऊन ठेवा. पेन्सिल-वहीची घाई नको. दुसरी-तिसरीत गेल्यावरही वारंवार उलटं येत राहिलं आणि वाचतानाही ती अडखळत असेल, तर तेव्हा शाळेतल्या बाईंशी बोलून तपासून घ्या.